वडीलच थकबाकीदार असतील तर?

"मॅडम, त्यांनी ते इचारलं आन् डोकं बंदच पडलं. काय बोलावं कळंनाच."

औसा तालुक्यातला पोरगा. परभणीहून बी.एस्सी. अ‍ॅग्री केलेला. बँकेच्या कृषी अधिकारी पदासाठी, म्हणजे ह्या पोरांच्या भाषेत एएफओसाठी, आयबीपीएसची, म्हणजे सरकारी बँकांची भरती घेणाऱ्या संस्थेची, मुख्य परीक्षा पास झाला आणि मुलाखतीत राहिला. अंतिम गुणवत्तेत मुख्य परीक्षेचा वाटा ८० आणि मुलाखतीचा २०, पण त्या २०नेच त्याचं वर्ष खाल्लं. (ओळख लागू नये म्हणून काही तपशील बदललेत.)

लातूरच्या ट्यूशन एरियात माझ्याकडे मुलाखतीच्या तयारीला येणाऱ्या दहातल्या सात पोरांची भीती हीच असते: अनपेक्षित प्रश्न आला तर? आमच्याकडे पोरं अपेक्षित प्रश्नसंचावर वाढतात, त्यात त्यांचा दोष नाही.

याला विचारलेला प्रश्न होता, "तुम्ही ज्या शाखेत अधिकारी, तिथे तुमचे वडीलच थकबाकीदार असतील तर काय कराल?"

"तू काय म्हणालास?"

"माझे वडील थकबाकीदार नाहीत, म्हणलो."

"आणि खरं?"

तो प्लास्टिकच्या फोल्डरची कड अंगठ्याने घासत राहिला. "दोन हंगाम झाले. सोयाबीन पावसात गेलं." मग आवाज खाली आणून, "कमी मुदतीच्या पिकाला दोन हंगाम थकले की एनपीए, म्हंजे बुडीत खात्यात. पुस्तकात पाठ होतं, मॅडम. घरात बी तेच चाललंय."

पॅनेलला त्याच्या वडिलांचं काहीच माहीत नव्हतं. त्यांचा नेम नात्यावर होता, लागला मात्र जखमेवर. त्याला मी एवढंच सांगितलं, की असा प्रश्न आला की आधी मनात विचारायचं, ह्या माणसाला नेमकी कसली काळजी आहे? इथे काळजी होती ओळखीपाळखीत कर्ज बुडण्याची. मग उत्तर अवघड राहत नाही: नातेवाइकाचं प्रकरण मी हाताळणार नाही, नातं लेखी कळवून ते वरिष्ठांकडे देईन; पीक नैसर्गिक आपत्तीत गेलं असेल तर पुनर्गठनाचा, म्हणजे कर्जाची मुदत वाढवून देण्याचा, नियम वडिलांना लागेल तसा शेजाऱ्यालाही. घरची कहाणी सांगायची गरज नाही आणि खोटंही बोलायचं नाही.

हे समजायला दहा मिनिटं पुरली. जमायला दोन महिने गेले. चहाचा कप त्याच्या ओठाला लागला की मी मध्येच काहीतरी विचारायची. "बँकेत रांग मोडून सरपंच आला तर?" "बी.एस्सी. अ‍ॅग्री केलंस, मग शेती का नाही करत?" ह्या दुसऱ्या प्रश्नाला तो पहिल्यांदा चिडला, दुसऱ्यांदा भाषण ठोकलं. तिसऱ्या वेळी कप खाली ठेवला, श्वास घेतला आणि म्हणाला, "करतो की. सुट्टीला गावी गेलो की फवारणी माझ्याकडंच असती." मला तो कप खाली ठेवणं जास्त आवडलं. तेवढ्या दोन सेकंदांत अर्धं काम होतं. पोरांना गप्प बसलं की मार्क जातात असं वाटतं. माझ्या अनुभवात घाईत तोंडातून निघालेल्या पहिल्या वाक्यानेच जास्त जातात.

पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत. वडिलांचा विषयच निघाला नाही. पॅनेलमधल्या बाई म्हणाल्या, "तुमच्या आजीला किसान क्रेडिट कार्ड समजावून सांगा. तिच्याच भाषेत."

तो थांबला. "मराठीत सांगू का?" विचारलं. होकार आल्यावर म्हणाला, "आज्जे, पेरणीला सावकाराकडं जायचं नाही. तीन लाखापर्यंत बँक शेकडा सातनं देती, वर्साच्या आत फेडलं तर चारच पडतात." मग तेच हिंदीत सांगितलं.

गावी जाऊन त्याने हे खऱ्या आजीलाही ऐकवलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् न्हाई फेडता आलं तर रं?"

"हे मात्र पॅनेलनं इचारलं नव्हतं, मॅडम," तो फोनवर म्हणाला.