रक्तातली प्रथिनं औषध हव्या त्या अवयवापर्यंत कशी नेतात? लिपिड नॅनोकणांना, म्हणजे औषध वाहून नेणाऱ्या चरबीच्या अतिसूक्ष्म कणांना, ती बाहेरून चिकटवावी लागतात का?

बहुतेक वेळा नाही. कण रक्तात पडला की प्रथिनं आपणहून येऊन चिकटतात. उलट ती चिकटू नयेत म्हणूनच या क्षेत्रात वर्षानुवर्षं आटापिटा चालला होता. त्यांना कामाला लावायचं शहाणपण नंतर सुचलं.

मी असे कण बनवण्याच्या कामात आहे, म्हणून आधी कण कसा होतो ते सांगतो. एका सिरिंजमध्ये अल्कोहोलात विरघळवलेली चार प्रकारची लिपिडं, दुसरीत आम्लधर्मी पाण्यात आरएनए, म्हणजे पेशीला एखादं प्रथिन बनवायला किंवा थांबवायला लावणारा रेणू. दोन्ही धारा एका बारीक खोबणीत वेगाने एकमेकींवर आदळवायच्या. पलीकडून जे पडतं ते दुधाचं भांडं विसळलेल्या पाण्यासारखं दिसतं, उजेडात धरलं तर निळसर झाक मारतं. ती झाक दिसली की निम्मा जीव भांड्यात पडतो. कणाचा आकार साधारण 80 ते 100 नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाच्या आसपास.

चार लिपिडांपैकी एक मोठं हुशार असतं. आम्लात त्याच्यावर धनभार येतो, त्यामुळे ते ऋणभारित आरएनएला धरून ठेवतं. रक्तात गेल्यावर मात्र जवळजवळ भाररहित होतं. कोलेस्टेरॉल आणि फॉस्फोलिपिड बांधणी सांभाळतात. चौथं म्हणजे पेग (पॉलिइथिलीन ग्लायकॉल, पाण्यात मिसळणारी लांब साखळी) जोडलेलं लिपिड. शंभरातले जेमतेम दीड रेणू, पण कणांनी एकमेकांना आणि प्रथिनांनी कणांना चिकटू नये म्हणून बाहेरून केसाळ आवरण तेच देतं.

आता माझी फजिती. सुरुवातीच्या दिवसांत मी हिरवं चमकणारं प्रथिन बनवायला सांगणारा आरएनए कणांत भरला आणि पेशींवर टाकला. ढवळाढवळ नको म्हणून पेशींच्या द्रवातून सीरम, म्हणजे रक्तातला प्रथिनं असलेला पातळ भाग, काढून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली मिट्ट काळोख. दोनदा कण नव्याने बनवले, तरी तेच. शेवटी एका वरिष्ठ सहकारी बाईंनी विचारलं, "अरे, अपोई घातलंस का?" चिमूटभर अपोलिपोप्रोटीन ई मिसळलं आणि त्याच कणांनी पेशी हिरव्यागार केल्या. दोष कणात नव्हता. मी त्याला रक्ताशिवाय पाठवलं होतं, एवढंच.

अपोई हे रक्तात चरबीची ने-आण करणारं प्रथिन. यकृताच्या पेशींवर एलडीएल (रक्तातले कोलेस्टेरॉल वाहणारे कण) पकडणारे रिसेप्टर असतात, ते अपोई ओळखून चरबीचा गोळा आत ओढतात. आपला कणही चरबीचाच. रक्तात पेगचं आवरण गळू लागतं, अपोई येऊन बसतं आणि यकृत त्याला घरचाच समजून आत घेतं. आयत्या बिळावर नागोबा! 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात अपोई नसलेल्या उंदरांमध्ये असे कण निकामी ठरले होते; आधी अपोईत मिसळून दिल्यावर तेच कण पुन्हा चालले. पेग जोडलेल्या लिपिडाचं शेपूट किती लांब ठेवायचं हेही यातूनच ठरतं. 14 कार्बनचं शेपूट लवकर सुटतं. 18 कार्बनचं रेंगाळतं, कण रक्तात जास्त वेळ फिरतो, पण यकृतात कमी शिरतो.

ऑगस्ट 2018 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं पॅटिसिरॅन हे आरएनए औषध याच वाटेने जातं. ट्रान्सथायरेटिन नावाचं प्रथिन मुख्यतः यकृतात बनतं. आनुवंशिक दोष असेल तर ते बिघडून नसांमध्ये आणि हृदयात साचतं. यकृतातच त्याचं उत्पादन दाबायचं होतं, आणि कणही नेमके तिथेच जात होते. यात कौशल्य आहेच, पण नशिबाचा वाटाही मोठा आहे असं माझं मत.

यकृत नको असेल तर? 2020 मध्ये दाखवलं गेलं की पाचवं लिपिड घालून दिशा बदलता येते. कायम धनभारित लिपिड घातलं तर कण फुफ्फुसात जातात, ऋणभारित घातलं तर प्लीहेत. पुढे कळलं की इथेही सूत्रं प्रथिनांच्याच हातात आहेत: फुफ्फुसाकडच्या कणांवर व्हिट्रोनेक्टिन भरपूर, प्लीहेकडच्यांवर बीटा-2-ग्लायकोप्रोटीन 1. हे प्रयोग उंदरांतले आहेत, हे विसरू नका. उंदराचं बहुतेक कोलेस्टेरॉल एचडीएल या दुसऱ्या प्रकारच्या वाहक कणांमध्ये असतं, आपलं तसं नाही. त्यामुळे उंदरातलं यश वाचून मी लगेच हुरळून जात नाही.

मग प्रथिन आधीच चिकटवून का पाठवू नये? लोक करून बघतात. अडचण अशी की रक्तात अदलाबदल चालू असते. संख्येने जास्त असलेली प्रथिनं आधी जागा पकडतात आणि घट्ट चिकटणारी मागाहून येऊन त्यांना उठवतात. तुम्ही हौसेने बसवलेलं प्रथिन तिथे टिकेलच असं नाही.

अल्ब्युमिनची गोष्ट वेगळी. तिथे प्रथिन हीच गाडी. लिटरभर प्लाझ्मात ते 35 ते 50 ग्रॅम असतं आणि त्याचं अर्धायुष्य सुमारे 19 दिवस, कारण पेशी त्याला गिळूनही न मोडता परत रक्तात सोडतात. पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगाचं औषध पाण्यात विरघळत नाही, म्हणून एरंडेलापासून बनवलेल्या द्रावकात देत. त्या द्रावकानेच काहींना जोरदार ॲलर्जी यायची. 2005 मध्ये अल्ब्युमिनमध्ये बांधलेलं रूप मंजूर झालं, 130 नॅनोमीटरचे कण. तीन तासांच्या सलाईनऐवजी अर्ध्या तासात काम होऊ लागलं. सेमाग्लुटाइड या मधुमेहावरच्या आणि वजन कमी करण्याच्या औषधात तर कणही नाही. रेणूला 18 कार्बनचं मेदाम्लाचं शेपूट जोडलंय, ते अल्ब्युमिनला धरून राहतं. ज्याची ही नक्कल आहे ते शरीरातलं जीएलपी-1 हे संप्रेरक एक-दोन मिनिटांत निम्मं संपतं, हे आठवड्यातून एकदा टोचलं तरी पुरतं.

एक मात्र राहिलं. प्रथिनांनी कण पेशीत पोचवला तरी तो आधी एका पिशवीत अडकतो, आणि त्यातून बाहेर पडणारा आरएनए पेशींवरच्या एका मोजणीत शेकडा एक-दोनच निघाला. पण ते गाऱ्हाणं लिपिडांचं आहे. त्यासाठी वेगळा प्रश्न टाका, तिथे सविस्तर लिहीन.