बागेची विचारपूस : लॉनची तहान आणि कूलरचं पाणी

प्रश्न : ताई, घरापुढे आमचं सहाशे चौरस फुटांचं मेक्सिकन गवताचं लॉन आहे. सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास पाइप धरतो, तरी एप्रिल लागला की पिवळं पडतं. बोअरचं पाणीही खाली गेलंय. घरातले म्हणतात, उपटून फरशी टाका. काय करू? (एक वाचक, धुळे)

उत्तर : भाऊ, फरशी टाकू नका. मे महिन्यात तापलेली फरशी रात्री उशिरापर्यंत घरात झळा सोडते, आणि पावसाळ्यात अंगणात मुरायचं पाणी सरळ गटारीला लागतं. मग बोअर भरणार कुठून?

आधी पाण्याचा हिशेब घालू. पाइपाखाली पंधरा लिटरची बादली ठेवा आणि ती किती वेळात भरते ते घड्याळात बघा. एका मिनिटात भरली, तर तुमचं रोजचं एक तास पाणी म्हणजे 900 लिटर झालं. सहाशे चौरस फूट म्हणजे साधारण 56 चौरस मीटर. आपल्या काळ्या जमिनीत भर उन्हाळ्यातसुद्धा चार दिवसांतून एकदा चौरस मीटरला 25 लिटर, म्हणजे एक इंच पाणी नीट मुरलं, तरी गवत तग धरतं. त्याला लागतात 1400 लिटर. तुम्ही त्याच चार दिवसांत 3600 ओतताय.

इतकं ओतूनही पिवळं का, ते खुरपं सांगेल. एका कोपऱ्यात वीतभर खोल काप घ्या आणि ढेकूळ उचलून हातात धरा. माझ्या शेजारच्या अंगणात असंच काढून बघितलं, तर सगळी पांढरी मुळं वरच्या दोन बोटांत दाटलेली होती. त्याखाली कोरडी ठणठणीत माती, आणि बोट आत जाईल एवढी भेग. रोज वरवर भिजवलं की मुळांना खाली जायची गरजच उरत नाही. दुपारचा गरम वारा सुटला की सगळ्यात आधी सुकतात ती हीच वरची दोन बोटं.

म्हणून पाणी कमी वेळा द्या, पण पोटभर द्या. साक्री-धुळ्याकडच्या माणसाला फड पद्धत समजावून सांगायला नको. पांझरा नदीच्या बंधाऱ्यावरून पाट निघतो आणि पाळीपाळीने एकेका फडाला, म्हणजे शेतांच्या एकेका गटाला, पाणी मिळतं. लॉनचेही तसेच चार तुकडे पाडा. रोज एकच तुकडा, 350 लिटर. तुमच्या पाइपाने साधारण पंचवीस मिनिटांत होईल, आणि दमलेल्या बोअरलाही ते झेपेल. मात्र एका दमात देऊ नका. काळी माती पाणी सावकाश पिते, घाई केली की ते वरून वाहून रस्त्यावर जातं. दहा मिनिटं द्या, अर्धा तास थांबा, मग उरलेलं द्या. पाणी नेमकं किती पडलं ते बघायला सपाट बुडाचे दोन-तीन डबे गवतात ठेवा. भेगा आधी चाळलेल्या शेणखताने बुजवा, नाहीतर सगळं पाणी भेगेतून खाली जाईल. वेळ पहाटेची. आणि हा बदल हळूहळू करा. आधी एक दिवसाआड, मग दोन दिवसांनी, असं करत तीन-चार आठवड्यांत चारावर या. मुळांना खाली उतरायला तेवढा वेळ लागतो.

उन्हाळ्यात गवत बुडापासून कापू नका. दीड-दोन इंच राहू द्या, त्याची सावली मातीवर पडते.

आता माझं स्पष्ट मत. खान्देशाच्या उन्हात एवढं मोठं मेक्सिकन लॉन पोसणं मला पटत नाही. माझं माहेर रावेर तालुक्यातलं. तिथे विहिरी आटल्या, बोअर खोल-खोल गेले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. केळीसारख्या पाणी पिणाऱ्या पिकाला तिथले शेतकरी ठिबकने मोजून पाणी देतात, मग आपण शोभेच्या गवतावर पाइप मोकळा कसा सोडायचा? मुलं जिथे खेळतात तेवढंच लॉन ठेवा. उन्हाच्या बाजूला आषाढात हरळी लावा. मे महिन्यात ती वाळल्यासारखी दिसेल, पण मरत नाही. पाऊस पडला की हिरवी होते. उरलेल्या जागेत कडुनिंब नाहीतर बोगनवेल लावा.

प्रश्न : ताई, कूलरच्या टाकीत उरलेलं आणि वॉशिंग मशीनचं पाणी झाडांना घालते. पाण्याची बचत होते, पण कुंड्यांवर पांढरा थर येतो आणि मोगऱ्याची पानं कडेने करपतात. (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : तुमची तळमळ कळते, पण ही दोन्ही पाणी कुंडीतल्या झाडाला नकोत. कूलर दिवसभर पाणी उडवतो. वाफ होते ती निव्वळ पाण्याची, क्षार सगळे टाकीत मागे राहतात. बोअरचं पाणी आधीच जड, त्यात रोज नवी भर, म्हणजे आठवड्याने टाकीत उरतं ते खारट पाणी. पांढरा थर त्याचाच. ते पाणी ओटा-अंगण धुवायला वापरा. साबणाच्या पाण्यातला सोडियम तर काळ्या मातीचा वैरी आहे. माती चोपण होते, ओली असताना चिखल आणि वाळली की दगड. ते पाणी संडासात ओतायला ठेवा.

भाज्या, डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी मात्र थेंबही वाया घालवू नका. शेजारी एसी असेल, तर त्याच्या नळीखाली बादली लावा. त्या पाण्यात क्षार नसतात, मोगऱ्याला ते छान मानवतं. सध्या कुंडीच्या मातीचा वरचा पांढरा थर खरवडून टाका आणि तळाच्या भोकातून वाहीपर्यंत एकदा गोडं पाणी द्या. पावसाळ्यात कुंड्या उघड्यावर ठेवा, क्षार धुऊन जातील.

प्रश्न : मे महिन्यात दहा दिवस गावी जायचंय. पंधरा कुंड्यांचं काय करावं? (एक वाचक, शहादा)

उत्तर : सगळ्या कुंड्या भिंतीच्या सावलीत एकमेकींना चिकटवून ठेवा. निघायच्या आदल्या दिवशी भरपूर पाणी द्या आणि मातीवर केळीची वाळलेली पानं नाहीतर भुईमुगाची टरफलं दोन-तीन बोटं जाड पसरा. मोठ्या कुंडीत बिनझिलईचं छोटं मडकं गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरा आणि तोंडावर पणती झाका. त्यातून पाणी हळूहळू झिरपत राहतं. मडकं दहा दिवस पुरेलच असं नाही, तेव्हा शेजारच्या वहिनींना मधे एकदा भरायला सांगून जा. नाजूक रोपं सरळ त्यांच्याच ओट्यावर ठेवून द्या.