अमेरिकेत सांडपाण्याचा गाळ जाळणाऱ्या भट्ट्यांना इतकी कागदपत्रं का ठेवावी लागतात?
मूळ २०११च्या नियमात आहे. स्वच्छ हवा कायद्याच्या कलम १२९ खाली ईपीएने (अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था) या भट्ट्यांच्या धुरातल्या नऊ प्रदूषकांवर मर्यादा घातल्या. पारा, शिसं, कॅडमियम, डायॉक्सिन वगैरे. धुराड्याची चाचणी सहसा वर्षातून एकदाच होते. एरवी भट्टी नीट जळतेय का, हे तापमान, किती गाळ टाकला अशा नोंदींवरून कळतं. म्हणून त्या पाच वर्षं जपायच्या, शिवाय वार्षिक अहवाल. छोट्या शहराला हे जड जातंच. तरी नोंदींत सवलत नको असं मला ठामपणे वाटतं, कारण शेजारच्या वस्तीकडे दुसरा पुरावा नसतो. चाचणीत मात्र सूट आहे: सलग दोन वर्षं एखादं प्रदूषक मर्यादेच्या ७५ टक्क्यांच्या आत राहिलं, भट्टीत बदलही केला नाही, तर त्याची चाचणी तीन वर्षांतून एकदा चालते.