खांबांवरचा 'डी' आणि 'अचूकता 3 मीटर': यातून नेमकं काय समजायचं

नमस्कार. तुम्ही निफाडच्या बागेत बांधावरच्या एकाच दगडावर दोन दिवस हँडहेल्ड जीपीएस ठेवलात. दोन्ही दिवशी पडद्यावर प्रत्येक उपग्रहाच्या सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या खांबांवर 'डी' होता, अचूकता 3 मीटर दिसत होती, तरी दोन नोंदींत 7 मीटरचं अंतर निघालं. यंत्र बिघडलंय का, असं तुम्ही विचारलंय. बिघडलेलं नाही. पडद्यावरच्या या दोन गोष्टी दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात, आणि तुमचा प्रश्न तिसराच आहे.

'डी' म्हणजे डिफरन्शियल: त्या उपग्रहाच्या सिग्नलमधली चूक दुरुस्त करून वापरली जातेय. आपल्याकडे ही दुरुस्ती 'गगन' या भारतीय यंत्रणेकडून येते. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाने ही यंत्रणा मुळात विमानांसाठी उभारली. ज्यांची जागा पक्की मोजलेली आहे अशी जमिनीवरची केंद्रं जीपीएसची चूक सतत पकडतात आणि तिची दुरुस्ती जीसॅट मालिकेतल्या उपग्रहांमार्फत खाली येते. मेनूत 'गगन' असं नाव बहुधा सापडणार नाही, 'वास/ईग्नॉस' (अमेरिका आणि युरोपच्या अशाच यंत्रणांची नावं) चालू ठेवा. उपग्रहांच्या पानावर 40 किंवा 41 नंबर दिसला की तो गगनचा. नाशिकहून हे उपग्रह दक्षिणेकडे साधारण 60 अंश उंचीवर असतात, त्यामुळे उघड्या शिवारात अडचण येत नाही. अंजनेरी डोंगराच्या उत्तरेकडच्या कड्याला चिकटून उभं राहिलात, तर मात्र 'डी' जातो. ग्लोनासच्या, म्हणजे रशियन उपग्रहांच्या, खांबांवर 'डी' कधीच येणार नाही, कारण गगन फक्त जीपीएसची दुरुस्ती देतं.

आता खरा मुद्दा. ही दुरुस्ती आकाशातल्या चुकांची आहे: उपग्रहाचं घड्याळ, त्याची कक्षा आणि आयनांबरात (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरात) सिग्नलला होणारा उशीर. हा उशीर आपल्या अक्षांशांवर जास्त, त्यातही दुपारी सर्वाधिक, म्हणून गगनचा फायदा मोठाच आहे. पण तुमच्या पायाशी जे घडतं ते गगनला कळत नाही. ओली पानं सिग्नल अशक्त करतात, पत्र्याच्या शेडवरून तो उसळून उशिरा पोचतो. आणि '3 मीटर' हा आकडा यंत्र मोजून काढत नाही. उपग्रह आकाशात किती पसरलेले आहेत आणि प्रत्येकाच्या सिग्नलमध्ये साधारण किती चूक असावी, यावरून ते अंदाज बांधतं. उसळून आलेला सिग्नल त्याला पुष्कळदा सरळ आल्यासारखाच वाटतो, म्हणून आकडा 3 च राहतो.

मी हे दिंडोरीच्या एका बागेत अनुभवलंय. पावसाळ्यात द्राक्षवेलींचा मांडव गच्च भरलेला असताना ठिबकच्या मेन लाइनचा गाडलेला व्हॉल्व्ह जीपीएसवर नोंदवून ठेवला होता. 'डी' होता, अचूकता 3 मीटर. छाटणीनंतर त्या जागी खणलं तर व्हॉल्व्ह नाही. तो 5 मीटरवर, दोन ओळी पलीकडे सापडला. तेव्हापासून मांडवाखाली नोंद घेतली की जवळच्या कोपऱ्यातल्या खांबापासून टेपने अंतर मोजून वहीत लिहितोच.

शिवाय 3 मीटर ही हमी नव्हे. अँड्रॉइड फोनवरच्या वर्तुळाचा अर्थ तर लिहूनच ठेवलेला आहे: खरी जागा आत असण्याची शक्यता 68 टक्के. म्हणजे तीनांतून साधारण एकदा ती बाहेर असणार. आज चूक पूर्वेला 3 आणि उद्या पश्चिमेला 4 झाली, की तुमचे 7 मीटर तयार.

तुमचं यंत्र किंवा फोनवरचं अ‍ॅप कच्ची एनएमईए वाक्यं (जीपीएस यंत्र ज्या ठरलेल्या साच्यात माहिती देतं त्या ओळी) दाखवत असेल तर त्यांतल्या 'जीजीए' या ओळीमधला दर्जाचा अंक बघा. 1 म्हणजे साधी जागा, 2 म्हणजे दुरुस्त केलेली, 5 म्हणजे आरटीके फ्लोट, 4 म्हणजे आरटीके फिक्स. आरटीके ही जमिनीवरच्या केंद्राकडून मिळणारी जास्त बारीक दुरुस्ती; फ्लोटमध्ये ती अजून पक्की झालेली नसते, फिक्समध्ये झालेली असते. सेंटिमीटरच्या गोष्टी फक्त 4 असताना करायच्या. साधा हँडहेल्ड 2 च्या, म्हणजे दुरुस्त केलेल्या जागेच्या, पुढे जात नाही, मग पडद्यावर कितीही लहान आकडा येवो.

त्याच दगडावर, मांडवापासून दूर, सकाळी 8 ला आणि दुपारी 2 ला आठवडाभर नोंद घ्या, दर वेळी किमान दहा मिनिटं यंत्र न हलवता. त्या चौदा नोंदी जितक्या पसरतील, तितकी चूक तुमच्या जागी धरून चाला. आणि हा दगड शेजाऱ्याच्या हद्दीचा प्रश्न असेल, तर या यंत्रावर काहीच ठरवू नका. भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज करा आणि मोजणीच्या दिवशी दोघंही बांधावर हजर राहा.