मीच कुठे कमी पडले का?

सहा वर्षांच्या स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला एकटीने वाढवणाऱ्या एक बाई (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत) माझ्याकडे आल्या, तेव्हा आदल्या रात्री पाहिलेल्या एका चित्रपटाने त्या पार हलून गेल्या होत्या. त्यातली एकल आई नोकरी सोडते, दिवसरात्र मुलाच्या मागे राहते आणि शेवटी मूल तिला हाक मारते. "माझा मुलगा अजून मला आई म्हणत नाही. मी नवऱ्यापासून वेगळी झाले, नोकरीवर जाते, कधी थकून त्याच्यावर ओरडतेही. मीच कुठे कमी पडले का हो?"

हा प्रश्न मला बहुतेक आया विचारतात. एकटीला तो अधिक छळतो, कारण "तसे नाही गं" म्हणणारे घरात कोणी नसते. मी त्यांना आधी या दोषारोपाचा इतिहास सांगितला. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये स्वमग्नतेचे सविस्तर वर्णन केले, त्यानंतर आईच्या थंडपणामुळे मूल असे होते हा समज पसरला आणि मुलांच्या मानसोपचारावर लिहिणाऱ्या ब्रुनो बेटेलहाइम यांच्या १९६७ मधील लिखाणाने तो आणखी रुजला. वास्तविक बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जे स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते, १९६४ मध्येच तो खोडून काढला होता. पुढे १९७७ मध्ये जुळ्या भावंडांच्या अभ्यासातून आनुवंशिकतेचा वाटाही दिसून आला. घटस्फोटाने किंवा आईच्या नोकरीने स्वमग्नता येत नाही, हे मी निःशंकपणे सांगते.

आम्ही बोलत असताना मुलगा पाण्याची बाटली घेऊन आला, आईच्या तोंडाकडे न पाहता त्याने तिचे मनगट धरले आणि तिची बोटे झाकणावर टेकवली. बोलता बोलताच त्यांनी झाकण उघडून दिले. "आत्ता त्याने काय केले?" मी विचारले. "पाणी मागितले." असे हात धरून नेणे स्वमग्न मुलांमध्ये नेहमी दिसते, पण ते मागणेच असते, आणि त्याचे मागणे त्यांना इतके अचूक कळत होते की ते कळते आहे हेच त्यांच्या ध्यानात आले नव्हते.

वाचा-उपचार तज्ज्ञांच्या मदतीने आम्ही चित्रकार्डे सुरू केली, म्हणजे हवे ते चित्राचे कार्ड देऊन मागायचे. कार्डांमुळे मूल बोलायचे थांबेल ही बाईंची भीती होती. उपलब्ध संशोधन तसे दाखवत नाही. मात्र तो बोलेलच, असे वचन मी दिले नाही. काही मुले उशिरा बोलतात, काही कधीच बोलत नाहीत, आणि चित्रपटाला दोन तासांत शेवट गाठायचा असल्यामुळे त्या हाकेवरच आईची सारी परीक्षा टांगली जाते, याचे मला खरोखर वाईट वाटते.

ओरडण्याचे मूळ मात्र झोपेत होते. गेली कित्येक वर्षे त्या सलग झोपल्याच नव्हत्या. आता दर शनिवारी दुपारी त्यांची बहीण मुलाजवळ थांबते. हाक अजून आलेली नाही. पाणी हवे असले की तो कार्ड आणून आईच्या तळहातावर ठेवतो. पहिले दोन शनिवार आपण नुसत्या झोपून काढले, हे सांगताना बाईंना अजूनही संकोच वाटत होता.