मुलांना साधी गोष्ट लिहायला कशी शिकवावी?

तुम्ही विचारलंय की तुमची आठ वर्षांची मुलगी गोष्ट लिहायला बसली की भरकटते, तर सुरुवात-मध्य-शेवट शिकवायला एखादा तक्ता आहे का. तक्ते ढिगाने मिळतील. मी एकही देणार नाही, कारण असल्याच एका तक्त्यावरून माझं आणि ताईचं चांगलंच वाजलं होतं.

माझा भाचा तेव्हा आठचाच. सुट्टीत माझ्याकडे राहायला आला होता. एका दुपारी "मावशी, गोष्ट लिहिली" म्हणत वही पुढे केली. एक वाघ होता. मग त्याला भूक लागली. मग हरीण आलं. मग त्याने हरीण खाल्लं. मग तो झोपला. संपली.

पहिल्या गोष्टी बहुतेक अशाच, 'मग'ला 'मग' जोडलेली आगगाडी. सुरुवात आहे, मध्य आहे, वाघ झोपला म्हणजे शेवटही आहे. तक्त्याच्या हिशोबाने पैकीच्या पैकी. तरी ती गोष्ट नव्हती, आणि का नव्हती हे त्याला कसं सांगावं ते मला सुचेना. म्हणून शेवटच्या 'मग'वर बोट ठेवलं आणि म्हटलं, "इथे 'पण' घालून बघ."

बराच वेळ पेन्सिल चावून त्याने लिहिलं, पण त्याला झोप येईना.

"का रे?"

"पोटात हरीण उड्या मारतंय."

"म्हणून?"

"म्हणून वाघाने आ केला आणि म्हणाला, ये बाहेर."

"पण?"

"पण हरीण म्हणालं, नाही येत. आत वाघ नाहीत."

मला हसू आवरेना. तो आपला गंभीरपणे वहीवरचा रबराचा चुरा फुंकत होता.

मला रचना म्हणून जे काही शिकवता येतं ते एवढंच. 'मग'ने घटना नुसत्या एकीपुढे एक उभ्या राहतात. 'पण' आला की अडचण येते, 'म्हणून' आला की कुणाला तरी हातपाय हलवावे लागतात. मुलगी अडकली की विचारा, याला काय हवंय, आणि ते त्याला का मिळत नाहीये? उत्तर तुम्ही सुचवू नका. गप्प बसणं जड जातं, पण बसा. शुद्धलेखन दुसऱ्या दिवशी.

आता ताई. ती शिक्षिका आहे. संध्याकाळी त्याला न्यायला आली, वही उघडली आणि सवयीने लाल पेनने लिहिलं, "शेवट? तात्पर्य?" पोरगा आज्ञाधारक. त्याने खाली सुवाच्य अक्षरात लिहून टाकलं, तात्पर्य : अति खाऊ नये. हरणाचं पुढे काय झालं, ते कुणीच विचारलं नाही. राहिलेल्या सुट्टीत त्याने वही उघडली नाही.

ताईचं म्हणणं, आधी साचा, कल्पना नंतर. तिच्या वर्गात भिंतीवर डोंगर रंगवलाय, चढण, शिखर, उतरण असा. तो डोंगर मुळात गुस्ताव फ्रायटाग या जर्मन लेखकाने १८६३ साली मांडलेला, पाच अंकी शोकांतिका उलगडून दाखवायला. लिहून झालेल्या नाटकाची चिरफाड करायला ठीक आहे. पोटातल्या हरणाला त्यावर कशाला चढवायचं? हे मी तिला तेव्हाच सांगितलं होतं. ती म्हणाली, तुला एक मूल सांभाळायचं होतं, मला चाळीस.

तेही खरंच, म्हणा. काही मुलं कोऱ्या पानासमोर गोठतात, त्यांना तीन चौकोन आखून दिले तर हात सुटतो. अशांना द्या, पण चौकोनांत वाक्यं नको, चित्रं काढायला सांगा. आणि लिहिण्याचाच कंटाळा असेल तर तिने सांगावं, तुम्ही उतरवून घ्यावं, तिच्याच शब्दांत, सुधारणा न करता. लांबी मोजू नका. सहा वाक्यांची गोष्टही गोष्टच असते. तात्पर्य मात्र कुठल्याही मुलाकडून लिहून घेऊ नका, इथे मी ताईचं ऐकणार नाही.

परवा कळलं, ताई हल्ली वर्गात 'पण' आणि 'म्हणून'चा खेळ घेते. सुरुवात हरणाच्या गोष्टीने करते. तात्पर्यासकट.