केसपेपरवरचा ‘हिंसक’ शेरा

अगं,

मनोरुग्ण वॉर्डातल्या एका रुग्णाच्या केसपेपरवर कुणीतरी लाल शाईने ‘हिंसक’ लिहून ठेवलंय, तर रात्री त्याला बांधू का, असं विचारतेस. आधी सांग, त्याने केलं काय? कुणाला, कधी, त्याआधी काय झालं होतं? विशेषण नको, क्रिया लिही. ‘घरी फोन लावू दिला नाही, त्यावर ताट भिंतीवर फेकलं’ हे वाचून पुढची पाळी सावध होते. ‘आक्रमक’ वाचून नुसती घाबरते.

रुग्ण हिंसक होईल का, याचा अंदाज देणारा ब्रोसेट तक्ता दर पाळीला भर. सहाच गोष्टी: गोंधळलेपण, चिडचिड, दंगा, तोंडी धमकी, अंगावर जाणं, वस्तूंवर राग काढणं. दिसलं तर एक, नाही तर शून्य. एक-दोन झाले की तेव्हाच हालचाल कर, तीन झाले की सीनियरला उठव. अंदाज पुढच्या 24 तासांचाच, म्हणून आधीच्या पाळीचे आकडे उतरवायचे नाहीत. नेहमीच चिडका असेल, तर चिडचिड वाढली तरच एक. नेहमीचा कसा आहे, ते घरच्यांना विचार.

मागची मारहाण सोडून दे असं म्हणत नाही. एचसीआर-20 या हिंसेचा धोका जोखण्याच्या यादीत वीसपैकी दहा मुद्दे पूर्वेतिहासाचेच आहेत. पण ते पुढच्या काही महिन्यांच्या नियोजनासाठी, आज रात्रीसाठी नव्हे.

आणि हे सोलापूर आहे. पूर्व भागातले आजोबा तेलुगूत बोलतात, अक्कलकोटकडचा माणूस कन्नडमध्ये. मराठीत उत्तर आलं नाही म्हणून ‘गोंधळलेला’ धरतेस? भाषा येणाऱ्या मावशींना बोलाव, मग गुण दे.

हॅलोपेरिडॉल या मनोविकारावरच्या औषधानंतर कुणी सारखा उठबस करत, येरझाऱ्या घालत असेल, तर आतून तळमळ होते का विचार. ती अकॅथिझिया, म्हणजे औषधाने येणारी अस्वस्थता, असली तर त्याच औषधाचा आणखी डोस म्हणजे आणखी तळमळ. दारू बंद होऊन दोन-तीन दिवस झालेत, घाम आणि थरथर आहे? नाडी, ताप, साखर बघ, लगेच डॉक्टरांना कळव.

आता बांधण्याचं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 97 वाच. इजा अगदी तोंडावर आलेली, दुसरा उपाय नाही आणि मानसोपचारतज्ज्ञांची परवानगी आहे, तरच. नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे रुग्णाच्या वतीने नेमलेल्या माणसाला, 24 तासांत कळवायचं. स्टाफ कमी हे कारण चालत नाही. ‘उग्र वाटला’ एवढ्यावर मी पुढे सरकत नाही, म्हणून वॉर्डात मला हेकेखोर म्हणतात. म्हणोत. काय केलं ते लिहा, मग बोलू.

राऊंडच्या आधी जुने कागद काढ. तो शेरा कुठल्या तारखेच्या, कुठल्या घटनेवरून आला ते शोध. घटना सापडली नाही, तर ‘नोंद आढळली नाही’ असं खाली लिहून सही कर.